मास्तरांचा उडीवर्ग

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण हिचं पोट दात कोरूनच भरत होतं. दातांच्या डॉक्टरांना लागणारे दात, कवळ्या, टोप्या बनवून देणाऱ्या एका लॅबमध्ये ती लग्नाआधीपासून कामाला होती. दवाखान्यातून पेशंटच्या तोंडाचा ठसा यायचा. ठशावरून साचा, साच्यावर मेण, मेणावरून दात. खिडकीशेजारी तिचं टेबल, डोळ्यावर भिंग आणि हातात काडीएवढी कोरणी. सकाळी खाली घातलेली मान संध्याकाळीच वर व्हायची. चाळिशी उलटली तशी मान, पाठ आणि वजन या तिघांनी एकदमच तक्रार सुरू केली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की अंगाला हालचाल हवी.

ते काम नवऱ्याने आपण होऊन अंगावर घेतलं. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शिकणारे त्याला मास्तर म्हणत, म्हणून शेजारीपाजारीही मास्तरच म्हणत, आणि ती स्वतःही बाहेर बोलताना 'आमचे मास्तर' म्हणायची. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी आपल्या ताब्यात आहे, आणि शिक्षकाला ठाऊक असतं की नाही. मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं होता की घरी आल्यावरही तो तिथून निघत नसे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, शिवी नाही, कधी आवाज चढवणं नाही. फक्त समोरचं माणूस काही करताना दिसलं की ते कसं करायचं हे सांगितल्यावाचून त्यांना राहवत नसे.

तर दोघं सकाळी चालायला जाऊ लागली. हात कोपरात वाकव, श्वास नाकाने घे, टाच आधी टेकव, पोट आत. पंधरवड्यात तिची अशी गत झाली की तिला साधं चालताच येईना. एक पाय पुढे टाकला की दुसऱ्याचं काय करायचं ते आठवावं लागायचं. तिने गुडघ्याचं निमित्त केलं आणि चालणं सोडून दिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी लॅबला नेहमी काम देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात बोलावून घेतलं. त्यांच्याच मुलाचे पुढचे दोन दात तुटले होते आणि नव्या दातांचा रंग शेजारच्या दातांशी तंतोतंत जुळायला हवा होता. पोरगा तोंडावर हात धरून बसला होता, आणि कोपऱ्यात आरोपी उभा होता. म्हणजे एक पोगो स्टिक, वर उभं राहून उड्या मारायची काठी. लहान मुलांच्या खेळण्यातली नव्हे. चांगली तिच्या छातीपर्यंत येणारी ॲल्युमिनियमची जाड नळी, वर धरायला मूठ, खाली पाय ठेवायला दोन पट्ट्या आणि टोकाला जाड रबर. आत स्प्रिंग नव्हतीच. दाबून भरलेली हवा होती, सायकलच्या पंपाने आपापल्या वजनाप्रमाणे कमीजास्त करायची. नीट जमलं तर माणूस स्वतःच्या उंचीइतका वर जातो, असं पोरगा फटीतून फुसफुसत सांगायला लागला, तशी आईने त्याला गप्प केलं. भंगारात टाकायलाच इथे आणून ठेवलीय म्हणाल्या.

"मी नेऊ का?" तिने विचारलं. असं आपण का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, न्या, आणि हेल्मेटही न्या, म्हणजे माझ्या घरातून पीडा जाईल.

काठी तिने घरी नेलीच नाही. लॅबमध्ये प्लास्टरची पोती ठेवायची खोली होती, तिथे दारामागे उभी केली. लॅबला लागून गाड्या लावायची एक बहुमजली इमारत होती. तिचा सर्वांत वरचा मजला उघडा होता आणि सकाळी तिकडे चिटपाखरू फिरकत नसे, कारण खालीच जागा रिकामी असताना वर कोण जाणार. ती कामाच्या वेळेआधी तासभर निघू लागली. घरी सांगितलं की काम वाढलंय. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे एक खोटं असं अलगद निघालं की जणू बरेच दिवस तोंडात तयार होतं.

पहिले दिवस नुसते पडण्यात गेले. पट्टीवर एक पाय ठेवून दुसरा ठेवेस्तोवर काठी एकीकडे आणि बाई दुसरीकडे. गुडघे सोलले, दंडावर निळे डाग आले. पण पडल्यावर "तरी मी सांगत होतो" म्हणणारं कोणी नव्हतं. का पडलो ते तिचं तिलाच शोधावं लागे, आणि सापडलं की ते तिचं स्वतःचं असे. काठी अंगापासून दूर धरली की ती पळते, कवेत घेतली की ऐकते. खाली पायाकडे पाहिलं की तोल जातो, समोर लांब पाहिलं की राहतो. हवा थोडी कमी करून पाहिली, मग वाढवून पाहिली. दातांच्या कामात केसाएवढा फरक ओळखणारे हात तिचे. पंपाचे चार दट्टे कमी की जास्त हे तिला पायातून कळायला लागलं.

आणि मग एका सकाळी काठी खाली दबली, क्षणभर थांबली, आणि तिने हिला थेट वर फेकलं. अगदी टोकाला पोचल्यावर वरही नाही आणि खालीही नाही असा एक पळ होता. त्या पळात तिला कठड्यापलीकडची छपरं दिसली, पाण्याच्या टाक्या दिसल्या, कुणाच्या तरी खिडकीतली कुंडी दिसली. मग खाली, आणि पुन्हा वर. ती मोठ्याने हसली. जवळपास कोणी नसताना आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते तिला आठवेना.

कोणी नव्हतं असंही नाही म्हणा. इमारतीचा म्हातारा वॉचमन जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसलेला असे. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, ताई, हे काय चाललंय. व्यायाम, ती म्हणाली. पुढे त्याने काही विचारलं नाही. थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे करायचा आणि कधीतरी आपलं मत द्यायचं, की आज कठड्याच्या वर गेलात. बस, एवढंच.

वर्ष होत आलं. साडीपेक्षा ड्रेस बरा वाटायला लागला. मान दुखायची थांबली, झोप लागायला लागली, अंगावरचं ओझं पोतं रिकामं व्हावं तसं उतरलं. कॉलेजात जाणारी लेक एकदा म्हणाली, आई, तू हल्ली भांडी घासताना गुणगुणतेस. मास्तरांना वाटलं, त्यांनी सांगितलेली आहारातली पथ्यं लागू पडली. तिने त्यांचा समज तसाच राहू दिला. लपवण्यासारखं पाप नव्हतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट अशी होती जिच्यावर कोणाची सूचना चिकटलेली नव्हती.

फुटलं ते असं. शिकणाऱ्यांना चढावर गाडी थांबवून पुन्हा उठवायचा सराव लागतो, आणि मास्तरांचा नेहमीचा चढ रस्ता खोदल्यामुळे बंद होता. एका सकाळी ते एका शिकाऊ बाईंना घेऊन त्या इमारतीत शिरले. एकेक मजला चढवत गाडी वरच्या मजल्यावर आली, आणि काचेतून समोर त्यांना आपली बायको हवेत दिसली. मग दिसेनाशी झाली. मग पुन्हा दिसली. शिकाऊ बाईंनी घाबरून गाडी बंद पाडली, तरी मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबूनच बसले होते.

ती थांबली. काठी कवेत धरून उभी राहिली. आता रागावतील, लोकांत काय हा तमाशा म्हणतील, असं तिला वाटलं. उत्तरही तयार होतं. पण मास्तर गाडीतून उतरले ते चेहऱ्यावर दिवाळं निघालेल्या माणसाला गाडलेला हंडा सापडावा असा आनंद घेऊन. "अगं," ते म्हणाले, "हे तू मला सांगितलं का नाहीस?" आणि तिच्या उत्तराची वाट न बघता, "पण गुडघे बाहेर जातायत तुझे."

रागावले असते तर फार बरं झालं असतं, असं पुढे कित्येकदा तिच्या मनात आलं. रागाशी भांडता येतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर बरोबर यायला लागले. आठवड्याभरात त्यांची स्वतःची काठी आली, तिच्यापेक्षा नवी. त्यांनी याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, बघून काढलं. अंग चपळ होतं, भीती नव्हती, आणि तिने पडून पडून जे शोधलं होतं ते सगळं तिनेच त्यांना दोन सकाळींत सांगून टाकलं. ते चटकन शिकले. शिकल्याबरोबर शिकवायला लागले. आधी शेजारचे एक गृहस्थ आले, मग त्यांची बहीण, मग ड्रायव्हिंग शिकून गेलेली जुनी मंडळी. इमारतीच्या मॅनेजरशी मास्तर बोलले, रविवारची सकाळ ठरली, आणि 'मास्तरांचा उडीवर्ग' सुरू झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर नागोबा निदान बिळात गप्प तरी बसतो.

सुरुवातीला ते लोकांना सांगायचे, आमच्या हिने ही काठी आणली. थोड्या दिवसांनी, आम्हाला ही काठी मिळाली. त्यानंतर, मी हिला म्हटलं, चालणं जमत नाही ना, आपण वेगळं काही करून बघू. हे ते मुद्दाम करत नव्हते. गोष्ट सांगता सांगता गुळगुळीत होत जाते, आणि गुळगुळीत होताना तिचं टोक नेमकं गळून पडलं.

एका दुपारी लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, तुम्ही बोलला नाहीत कधी. त्यावर उडीवर्गाची जाहिरात होती. डावीकडे तिचा जुना फोटो, कुठल्याशा घरगुती समारंभातला, हातात प्लेट, तोंडात घास, गळ्याखाली दुसरा गळा. उजवीकडे आत्ताची, हवेत. खाली लिहिलं होतं: मास्तरांच्या मार्गदर्शनाने पत्नीत झालेला बदल. तो डावीकडचा फोटो तिने घरातल्या सगळ्या फोटोंतून वेगळा काढून कपाटात तळाला ठेवला होता. म्हणजे तो शोधून काढावा लागला असणार. संध्याकाळपर्यंत लॅबला काम देणाऱ्या तीन दवाखान्यांतून अभिनंदन आलं. काठी ज्यांनी दिली त्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, नशीबवान आहात, नाहीतर आमच्याकडे नवऱ्याला बायकोचं वजन दिसतच नाही.

घरी गेल्यावर तिने चप्पलही काढली नाही. "तो फोटो काढा."

"का गं? तेव्हाची तूच आहेस ती. आणि आता बघ. लोकांना तेच तर बघायचं असतं."

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," मास्तर म्हणाले. अगदी सरळ मनाने म्हणाले.

खाली लिहिलंय ते खरं नाही, असं ती बोलली. त्यावर ते म्हणाले की जाहिरातीची एक भाषा असते, आणि नवराबायकोत तुझं काय आणि माझं काय, नाव कोणाचंही झालं तरी घरातच राहतं. लेक आतून बाहेर आली. बाबा किती दिवसांनी इतके खूश आहेत, आई, तू कशाला शब्दांवर बोट ठेवतेस, असं तिचं म्हणणं पडलं. फोटो तसाच राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, पण इथे दाबणारा हातही मऊ होता आणि बुक्के मारणाराही हळुवार.

तरी तिच्याकडे बाकीच्या सहा सकाळी होत्या. मास्तरांना आता रविवारच्या तयारीतून सवड नसे, त्यामुळे रोजचा वरचा मजला पुन्हा तिचा झाला होता. मग वर्गातल्या एका माणसाचं मनगट मोडलं. फार काही नाही, पण मॅनेजर घाबरला. त्याने नियम काढला की शिक्षक हजर असल्याशिवाय त्या मजल्यावर कोणी उडी मारायची नाही. शिक्षक म्हणून सही मास्तरांची झाली.

सोमवारी ती काठी घेऊन जिना चढली तर वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला. याआधी तो कधी उठला नव्हता.

"ताई, सांगणं आलंय. शिक्षकाशिवाय कुणाला सोडायचं नाही."

"कुणाला म्हणजे?"

"कुणालाच." मग इकडेतिकडे बघून तो म्हणाला, "मास्तरांना मॅनेजरला एक शब्द टाकायला सांगा. तुमच्या घरातलेच तर आहेत."

त्याने चहा ओतला. तिने घेतला नाही. जिना उतरताना काठीच्या पट्ट्या प्रत्येक पायरीवर खणखणत होत्या.

रात्रीपर्यंत थांबायचं तिला सुचलं नाही. दुपारीच फोन करून तिने मास्तरांना विचारलं. आयुष्यात तिने त्यांच्याकडे फार गोष्टी मागितल्या नव्हत्या, आणि ही तर तिचीच होती. मास्तरांनी नीट ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा, बायकोला सूट दिली तर वर्गातले काय म्हणतील, आणि एकटीला काही झालं तर उद्या उत्तर कोणी द्यायचं.

"मी एकटीच शिकले," ती म्हणाली.

"म्हणून तर चुकीच्या सवयी लागल्यात ना. रविवारी ये. पहिल्या रांगेत उभी राहा."

तिने दुसरीकडे करून पाहिलं. मैदानात काठी मातीत रुतायची. घराच्या गच्चीवर उडी मारली तर खालच्या मजल्यावरचे वर आले, आमचं छत हादरतंय म्हणाले. रस्त्यावर चार बघे जमले आणि एकाने, मास्तरांच्या मिसेस ना तुम्ही, असं विचारलं. दोन रविवार ती वर्गालाही गेली. पहिल्या रांगेत उभी राहिली. मास्तर टाळ्या वाजवून मोजत होते, आणि मध्येच थांबवून तिच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, ही चूक सगळ्यांनी बघून ठेवा. तिसऱ्या रविवारी ती गेली नाही. काठी घरी आणून कपाटामागे ठेवली. मास्तरांनी वर्गात सांगितलं की सातत्य ही फार कठीण गोष्ट आहे, माझ्या घरातलंच उदाहरण आहे. हे लेकीनेच घरी येऊन सांगितलं, कौतुकाने. बाबा स्वतःच्या माणसालाही सोडत नाहीत म्हणून.

वर्गाला वर्ष झालं तेव्हा वरच्या मजल्यावर छोटा कार्यक्रम ठरला. खुर्च्या, माईक, मागे मोठा फलक, आणि फलकावर त्याच ओळीसह तेच दोन फोटो, आता माणसाएवढे. तू दोन मिनिटं बोल, मास्तर म्हणाले, तुझ्यापासून तर सुरुवात झाली. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ती हो म्हणाली. कोरणी हातात धरून, मेणावर वाकून, तिने आठवडाभर चार वाक्यं मनात घडवली. जास्त झालेलं खरवडून काढलं, टोकं नीट केली.

रविवारी ती माईकसमोर उभी राहिली. आवाज कापला नाही.

"ही काठी मी आणली," ती म्हणाली. "या मजल्यावर मी वर्षभर एकटी येत होते. मला कुणी शिकवलं नाही. मागे लिहिलंय ते खोटं आहे."

खुर्चीत कोणीतरी पाय सरकवला तो ऐकू आला. तिला वाटलं, पोचलं. मग मास्तरांनी दुसरा माईक उचलला आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "बघा मंडळी. मी रोज घरी काय सोसतो ते आज पाहिलंत."

असा हशा पिकला की समोरची लहान मुलं दचकली. पुढच्या रांगेत डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या, शेजारी त्यांचा पोरगा हसत होता, लेक हसता हसता मोबाइलवर सगळं टिपत होती. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. तिला त्या दिवशी सगळ्यांचे दिसले, आणि त्यांतले काही तिनेच बनवलेले होते.

टाळ्या चालूच होत्या. कोणीतरी हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं, मास्तरांनी घरून आणलेली तिची काठी तिच्या हातात दिली, आणि एक झलक, एक झलक, असा गलका झाला. लोकांकडे पाठ करून ती फलकासमोर उभी राहिली आणि पाय आपले आपण पट्ट्यांवर चढले. एक, दोन, असं सगळे मोजायला लागले. ती वर गेली. वर गेल्यावर समोर छपरं नव्हती, टाक्या नव्हत्या. तिचाच घास तोंडात धरलेला चेहरा होता, तिच्याएवढाच उंच. तीन म्हणायच्या आत ती उतरली. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी तिघं जेवायला बसली. मास्तर फार खुशीत होते. कोण कोण काय म्हणालं ते सांगून झालं, पुढच्या महिन्यात दुसरा वर्ग काढायचं बोलून झालं. मग तिच्याकडे वळून ते म्हणाले, "छान बोललीस हं. फक्त माईक तोंडाच्या फार जवळ धरलास. असा धरायचा." त्यांनी चमचा हातात घेऊन दाखवलं.

तिने तो चमचा पाहिला. "मी बोलले त्यात खोटं काय होतं?" तिने विचारलं.

"खोटं?" मास्तरांना आश्चर्य वाटलं. "खोटं काहीच नव्हतं. खरं होतं म्हणून तर लोक इतके हसले."

लेकीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मास्तरांनी आणखी वाढून घेतलं आणि म्हणाले की नवीन मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे स्वतःची काठी नाही, तुझी नुसती पडून असते, तर ती वर्गात वापरायला द्यायला काही हरकत नाही ना.

"बघू," ती म्हणाली. "विचार करून सांगते."

"अगं, विचार कसला त्यात?" मास्तर घास घेत म्हणाले. "मी ती तिथेच ठेवून आलोय."